केडगावच्या माळावरची प्रार्थना



पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशने मागे पडतात आणि मग केडगाव येते. रस्त्याने यायचे तर सोलापूरच्या हमरस्त्याने चौफुल्यापर्यंत यायचे आणि तिथून उत्तरेकडे वळायचे. अहिल्यानगरजवळचे केडगाव वेगळे आणि हे वेगळे. हे केडगाव पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यातले. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही लहरी. पण खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आल्यामुळे शिवारात ऊस दिसतो, गुऱ्हाळांच्या चिमण्या दिसतात, आणि हंगामात कांद्याच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्यांमुळे रस्ता ओलांडायला थांबावे लागते.

या गावी पुष्कळ लोक येतात ते केडगाव बेटावर, नारायण महाराजांच्या दत्तमंदिराला. तुम्हीही कदाचित जाऊन आला असाल. पण त्याच गावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, आणि तिकडे वाट वाकडी करणारे थोडे. माझी नोकरी शेतीखात्याची. ‘विस्तार अधिकारी’ म्हटले की लोक बियाणे, खत आणि अनुदान एवढेच विचारतात. तरीसुद्धा या मिशनबद्दल मी तुम्हाला सांगणार आहे. आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांत नगर, नाशिक, जालना या भागांतली ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे आहेत. त्यांच्या घरातून एक तक्रार वारंवार कानावर येते. रविवारची उपासना होते, नाताळ होतो, पण आठवड्याच्या कामाच्या दिवसांत प्रार्थनेला जागाच उरत नाही. आणि प्रार्थना झाली तरी ती पाऊस, भाव, आजारपण यांपुरतीच. मनच शिळे झाले आहे ते ताजे व्हावे, ही मागणी राहूनच जाते. केडगावच्या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी ही मागणी रोजच्या कामात कशी बसवली गेली, ते पाहण्यासारखे आहे. तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी वाचा. आपल्याच मुलखातली, आपल्याच भाषेतली ही गोष्ट आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये हा रिवाज मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. पण शिकवायला वेळ कोणता? घरात विद्यार्थी, पाहुणे, यात्रेकरू यांचा राबता. दिवस उजाडला की बाईच्या हाताला उसंत नाही. म्हणून ही माउली उजाडण्यापूर्वी लहानग्या मुलीला जवळ घेऊन, गोंजारून जागे करी आणि पहिली पाखरे बोलू लागण्याच्या सुमारास तिचा धडा चाले. वाचक भगिनींनो, तुमच्या सासूबाईंनी किंवा आजीने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या त्या याच वेळेला. घरातल्या बाईच्या मालकीचा असा तेवढाच एक तास असतो. पुढे रमाबाईंच्या आयुष्यात बरेच काही बदलले, धर्मसुद्धा बदलला. पण कामाला हात लावण्यापूर्वीचा तास देवासाठी आणि विद्येसाठी, हे आईकडून आलेले वळण मला शेवटपर्यंत दिसते.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी हिंडले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली आणि लगेच वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. तिथल्या मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून १८९३ साली मोठे वादळ झाले. रानडे, भांडारकर यांसारख्या मंडळींनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या वादात कोण किती बरोबर हे ठरवायला हा लेख नाही. पण ते वादळ झालेच नाही असे दाखवून मिशनची गोष्ट सांगणेही बरे नव्हे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८९१ आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली होती. रमाबाई बायबल वाचत, प्रार्थना करत, उपासनेला जात. तरीही पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी सरळ लिहून ठेवले की, ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ज्याच्या नावाने तो धर्म आहे तो ख्रिस्त मला सापडला नव्हता. असे कबूल करायला धैर्य लागते. एक इंग्रज धर्मोपदेशक पाळकाचे काम करत असतानाच नव्याने कसा जागा झाला याची हकिकत त्यांच्या वाचनात आली आणि त्या अंतर्मुख झाल्या. धर्मात असलेल्या माणसालाही पुन्हा नवे व्हावे लागते, हे तिथे त्यांना उमगले. ख्रिस्ती लोक याला ‘आत्मिक नवीकरण’ किंवा ‘संजीवन’ म्हणतात. शब्द जड आहे, पण नांगरून पडीक राहिलेले रान ज्याने पाहिले आहे त्याला तो समजायला अवघड जाऊ नये.

आता केडगावकडे येऊ. अमेरिकेतून शारदा सदनाला जी मदत मिळत होती तिची मुदत दहाच वर्षांची होती. मग संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून रमाबाईंनी इथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग करायची, विहिरी खणायच्या, असा हिशेब होता. शेतीचा माणूस म्हणून मला हे फार आवडते. देवावर हवाला ठेवणारी ही बाई विहीर खणायची चुकवत नव्हती! पण बाग फळाला येण्याआधीच १८९६-९७चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. तीनशेच्या आसपास संख्या होती. पुण्यात प्लेगचे निर्बंध सुरू झाले, तेव्हा त्यांना केडगावच्या उघड्या रानात झोपड्यांतून ठेवावे लागले. मग १९००चा दुष्काळ, आणि गुजरातेकडच्या मुली. आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार माणसांचा संसार म्हणजे काय, याचा अंदाज तुम्ही करू शकता. दोन वेळचे दळण, स्वयंपाक, पाणी, धुणे, आजारपण. शिवाय शाळा, विणकाम, तेलघाणा, गाईगुरे, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळे सदन. त्यांना ब्रेल लिपी शिकवायचे काम मनोरमाबाईंनी अंगावर घेतले होते. यात प्रार्थनेला वेळ कुठून काढणार? तर तो निराळा काढलाच नाही, असे म्हणता येईल. पहाटे सामुदायिक प्रार्थना आणि बायबलचा पाठ, मग कामे, संध्याकाळी पुन्हा एकत्र येणे. घंटेवर दिवस चाले. बाहेरच्या लोकांसाठी जे पत्रक निघे त्याचे नावच ‘मुक्ती प्रेअर बेल’, म्हणजे प्रार्थनेची घंटा. ‘मुक्ती’ हे नाव यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून घेतले. त्यात अशा एका नगरीचे वर्णन आहे की तिच्या भिंतींना तारण म्हणावे आणि वेशींना स्तुती. केडगावच्या त्या भिंती आजही उभ्या आहेत.

१९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारले, आपल्यात आणि देशातल्या ख्रिस्ती लोकांत नवे चैतन्य यावे म्हणून रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? वेल्समध्ये त्याच सुमारास मोठी धर्मजागृती झाल्याच्या बातम्या येत होत्या. त्याआधी मनोरमाबाई आणि मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई ऑस्ट्रेलियात जाऊन आल्या होत्या. तिकडे घराघरांत प्रार्थनेची मंडळे चालल्याचे त्यांनी सांगितले होते. केडगावात पहिल्यांदा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. दिवसातून दोन वेळा जमायचे आणि मागायचे ते हेच, की आम्हाला नवे कर.

सहा महिने काहीच विशेष घडले नाही. वाचकांनी इथे जरा थांबावे अशी माझी विनंती आहे. या गोष्टीतला जूनअखेरचा भाग सगळे सांगतात, पण हे सहा महिने कोणी सांगत नाही. जानेवारी ते जून म्हणजे आपल्याकडे ज्वारीची काढणी, मळणी, उन्हाळ्याची पाणीटंचाई, आणि मग पावसाची वाट पाहणे. तेवढा काळ शेकडो बायका-मुली दळण-पाणी सांभाळून दोन वेळा जमत राहिल्या.

२९ जूनच्या पहाटे एका मोठ्या मुलीला असा काही अनुभव आला की अंगात जाळ उतरल्यासारखे झाले. शेजारच्या मुलीला ती खरोखरच पेटली असे वाटून ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी त्या वेळच्या वृत्तांतात नोंद आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीप्रमाणे शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय समजावून सांगत असता मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या. शिकवणे थांबवावे लागले. पुढे कित्येक दिवस हेच चालले. मुली आपली भांडणे, चोऱ्या, खोटेपणा उघड सांगून क्षमा मागू लागल्या.

हा सगळा आरडाओरडा पाहून नाके मुरडणारे पुष्कळ निघाले, आणि त्यात ख्रिस्ती मंडळीही होती. मलाही अशा आवेशाची थोडी भीतीच वाटते. पण इथे एक गोष्ट पाहा. आपल्या कालव्याखालच्या जमिनी कशा चोपण होतात? पाणी वाईट म्हणून नव्हे. पाणी भरपूर आणि निचरा नाही, म्हणून क्षार वर येतात आणि सोन्यासारखे रान पांढरे पडते. भावनेचेही तसेच होऊ शकले असते. रमाबाईंनी निचऱ्याची सोय केली. प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या तुकड्या पाडल्या आणि पाळीपाळीने आसपासच्या गावांत पाठवल्या. बाकीच्यांनी शाळा, घाणा, माग आणि स्वयंपाकघर चालू ठेवायचे. कोणासाठी प्रार्थना करायची तर नावानिशी, मोघम नव्हे. कोणाचा अनुभव किती मोठा यापेक्षा तिची वागणूक बदलली का, याकडे लक्ष.

त्या माळावरून निघालेले पाणी किती लांब गेले, याचे एक उदाहरण सांगतो. मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली या घटनेवर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, हूवर बाईंना पाठवली. हूवर पती-पत्नी व्हालपरायसो या बंदराच्या गावी मिशनचे काम करत होती. पुस्तिका वाचून त्यांच्या मंडळीत तशीच रोजची प्रार्थना सुरू झाली आणि १९०९ साली तिथे मोठी जागृती झाली. चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपला उगम तिथवर नेतात. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी मुलींच्या प्रार्थनेचा धागा तिथे पोचला, आणि आपल्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या माणसालाही हे माहीत नसते. असो.

रमाबाईंनी स्वतः मात्र त्या काळात एक अगदी शांत काम धरले होते. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत उतरवले. उद्देश हा की खेड्यातल्या साध्या बाईला ते वाचून कळावे. हे काम कित्येक वर्षे, रोज थोडे थोडे, असे चालले. खिळे जुळवायला आणि छापायला मिशनमधल्याच बायका. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि पुरे बायबल १९२४ साली बाहेर पडले. माझ्या मते १९०५च्या जागृतीइतकीच हीसुद्धा प्रार्थनेची गोष्ट आहे.

आता आजचे सांगतो. चौफुल्याच्या अलीकडे एका वस्तीवर एक ख्रिस्ती कुटुंब आहे. साडेतीन एकर रान, दोन गाई, आणि दोन भावांत मिळून एक विहीर. ठिबकची तपासणी करायला गेलो असता ओळख झाली. घरातल्या बाईंच्या सासूबाई मिशनमध्ये वाढलेल्या. त्या आता नाहीत, पण त्यांनी लावलेला नेम घरात चालू आहे. पहाटे गाईंच्या धारा काढायच्या आधी दहा मिनिटे सगळे एकत्र बसतात. एखादे भजन, शास्त्रातला लहानसा भाग, आणि प्रार्थना. भजने पुष्कळदा ना. वा. टिळकांची. अभंगाच्या चालीवरची ती भजने ऐकताना आमच्या वारकरी घरातल्या माणसालाही परके वाटत नाही. ज्या आठवड्यात लाइट रात्रपाळीची असते त्या आठवड्यात घरधनी दारे धरायला रानात असतो. मग तो मोटारीपाशीच आपली प्रार्थना उरकतो. हल्ली बिबट्याचे भय असल्याने मुलगा बॅटरी घेऊन बरोबर असतो, तोही बसतो.

मी विचारले, काय मागता? त्या बाई म्हणाल्या, “साहेब, पाऊस दे, भाव दे, हे तर चालूच असतं. पण सासूबाई म्हणायच्या, आधी स्वतःला नवं करून माग. मग बाकीचं.”

विहिरीच्या पाण्यावरून दिराशी सात-आठ वर्षांचे वैर होते. पाळी चुकली की शिवीगाळ, मोटार जळली की दुरुस्ती कोणी करायची यावरून तंटा. “पहिली दोन वर्षं मी रोज म्हणायची, देवा, भाऊजींना सुबुद्धी दे. त्यांना काही आली नाही,” असे सांगताना त्या हसल्या. “मग एक दिवस सासूबाईंचं बोलणं आठवलं. म्हटलं, मलाच दे. तेव्हापासून भाऊजींचं नाव घेते, पण बदल माझ्यात माग, असं स्वतःला सांगते.”

मग काय झाले? चमत्कार वगैरे काही नाही. एका वर्षी दीर तापाने फणफणला होता आणि त्याच्या कांद्याला पाणी देण्याची पाळी रात्रीची होती. या दोघा नवरा-बायकोंनी जाऊन त्याच्या रानाचे दारे धरले आणि पहाटे मोटार बंद करून घरी आले. बोलले कोणी काहीच नाही. पुढच्या खेपेला मोटारीच्या दुरुस्तीचे निम्मे पैसे दिराने न मागता पाठवले. पाण्याची पाळी आता सुरळीत आहे. येणे-जाणे अजून नाही, एकमेकांच्या घरी जेवण नाही. “ते व्हायचंय अजून,” असे म्हणून बाई धारा काढायला उठल्या.

ख्रिस्ती वाचकांना हे नवीन नाही. स्तोत्रसंहितेतल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात दावीद राजा मागतो ते शुद्ध हृदय आणि आतून नवा केलेला आत्मा. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हटले आहे की बाहेरचा माणूस झिजत असला तरी आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो. तिथे ‘दिवसेंदिवस’ म्हटले आहे, वर्षातून एकदा नव्हे. म्हणून कोणी विचारले की आमच्या घरी हे कसे सुरू करावे, तर मी एवढेच सांगेन की निराळी वेळ शोधू नका, ती सापडणार नाही. जे काम रोज चुकत नाही त्याला प्रार्थना जोडा. धार, चूल, डेअरीला दूध घालून परत येण्याची वाट, मोटार चालू करून पाणी चारीच्या टोकाला पोचेपर्यंतचा वेळ. एखाद्या वहीत चार नावे लिहून ठेवा, त्यात एक नाव ज्याच्याशी पटत नाही त्याचे असू द्या. मुलांना फार वेळ बसवू नका. घरात कोणी बसायला तयार नसेल तर एकट्याने बसा, आणि त्यावरून बोलणे काढू नका. कित्येक घरांतली प्रार्थना वेळेअभावी नाही, तर त्या रागारागीने बंद पडलेली मी पाहिली आहे.

केडगावला कधी गेलात तर मिशनच्या फाटकावर परवानगी मागा. ती राहती संस्था आहे, निराधार मुली-बायकांचे घर आहे, तेव्हा बघ्यासारखे आत शिरू नये. तिथले मोठे चर्च अवश्य पाहा. जमले तर रविवारचा दिवस धरा, म्हणजे उपासनेला बसता येईल. परतीच्या गाडीला अवकाश असेल तर स्टेशनकडे येताना एखाद्या गुऱ्हाळावर थांबा. हंगामात ताजी काकवी मिळते. बाटली मात्र घरून न्यावी.